रिकामा खटका

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराच्या दारात त्यांची जुनी शिष्या गळ्यात दोन कॅमेरे अडकवून उभी राहिली. सकाळची वेळ होती. मास्तर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर करून एक कॅमेरा पाहिला, दुसरा पाहिला आणि विचारलं, "एवढी शस्त्रं घेऊन कुणावर निघालीस, वैजू?"

वैजयंतीला हसू आलं नाही. "मास्तर, माझं काही खरं नाही," एवढंच म्हणून ती पायरीवर बसली.

मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण गाव त्यांना मास्तरच म्हणे. त्या तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा होता, त्यावर कमळांचं तळं आणि मागे एक राजवाडा होता. आरशाखाली पावडरचा डबा, दात मोडलेला कंगवा आणि खुंटीवर कुणालाही बसेल असा एकच कोट. दहावीचे फॉर्म, शेतकऱ्यांची पासबुकं, नवी जोडपी, बारशाची बाळं, सगळे त्या पडद्यासमोर बसून गेले. पुढे स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मास्तरांनी तिथून दोनच वस्तू घरी आणल्या. हात नसलेली एक खुर्ची आणि फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा. धंद्यात त्या दिव्याचं काम संपून काळ लोटला होता. तरी हौसेपोटी ते अधूनमधून तो लावत. वैजयंती कॉलेजात असताना तीन वर्षं स्टुडिओत शिकायला यायची. रसायनाच्या पाण्यात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर आधी भुवया, मग डोळे, मग सगळा चेहरा हळूहळू उमटताना तिने प्रथम पाहिला, तेव्हा ती भूत पाहिल्यासारखी मागे सरली होती. तशी ती कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी. पण त्या खोलीचा आंबूस वास आजही तिला कुठे आला, तर तिचं मन शांत होई.

आता ती लग्न-मुंजींचे फोटो काढून स्वतःचं आणि आईचं चालवत होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

"बोल," मास्तर म्हणाले. "आधी शेंगा खा, मग बोल."

तिने शेंगा हातात घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या. "आईचं ऑपरेशन सोमवारी आहे, मास्तर."

आईच्या डाव्या जबड्यात गाठ होती. गाठीबरोबर हाडाचा एक तुकडाही काढावा लागणार होता. जीव वाचेल, असं डॉक्टरांनी खात्रीने सांगितलं होतं. पण गाल आत जाईल आणि काही आठवडे बोलता येणार नाही, हेही सांगितलं होतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "वैजू, तू जगाचे फोटो काढतेस. माझा एक नीट काढून ठेव. हा चेहरा सोमवारपर्यंतच आहे."

ज्यांना या यंत्रांचं अंतरंग ठाऊक नाही, त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला हवं. वैजयंतीचा जुना कॅमेरा डीएसएलआर जातीचा होता. त्यात भिंगामागे एक आरसा असतो आणि समोरचा उजेड त्या आरशावरून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, डोळ्यापुढे निमिषभर अंधार होतो आणि 'खटाक' असा आवाज येतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. नव्या जातीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो. डोळा लावायच्या जागी इवलासा पडदा असतो, त्यावर फोटो कसा येणार हे आधीच दिसतं. समोरच्याचे डोळे यंत्र स्वतः शोधून पकडतं. आणि मनात आणलं तर फोटो काढताना पापणी मिटल्याइतकाही आवाज होत नाही.

असा नवा कॅमेरा शहरातल्या एका दुकानदाराने तिला मंगळवारी वापरून पाहायला दिला होता. तो दुसऱ्या कंपनीचा होता, म्हणजे तो घ्यायचा तर जुनी बॉडी, म्हणजे कॅमेऱ्याचं नुसतं धड, आणि तिच्या तिन्ही लेन्स बदल्यात द्याव्या लागणार. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या तोंडाला बसत नाही. रविवारी दुपारपर्यंत काय ते कळव, असं दुकानदाराने बजावलं होतं. वैजयंतीने एक वही केली होती. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. वजन, बॅटरी, अंधारातलं काम, लेन्सची उपलब्धता, पावसात टिकणं. रात्री त्याविषयीचे व्हिडिओ पाहावेत, तर खाली प्रतिक्रियांत माणसं भांडत एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचलेली. वहीची अकरा पानं भरली होती आणि तिचा निर्णय पहिल्या पानावर होता तिथेच होता.

"हे सगळं ठीक," मास्तर वही चाळत म्हणाले. "आईचा फोटो काढलास का?"

"साडेतीनशे."

"आणि?"

"त्यात आई नाहीये."

ती सांगू लागली. जुन्या कॅमेऱ्यासमोर आई बसली की त्या खटक्याची वाट पाहत बसे. खांदे वर, ओठ आत, आणि आवाज झाला की डोळे मिटून घेई. नव्याचा आवाजच नाही, म्हणून वैजयंतीने तो लावला, तर आईला कळेचना की फोटो निघाला की नाही. "काढलास का?" "झाला का?" "अजून किती?" असं म्हणत ती अर्धा तास लाकडासारखी बसून राहिली. फोटो इतके स्पष्ट की एकेक पापणी मोजावी, पण चेहरा पासपोर्टला बसल्यासारखा.

"एकदाच हसली हो ती. शेजारच्या काकूंनी खिडकीतून, 'काय, दुसऱ्या लग्नाचं चाललंय की काय?' असं विचारलं तेव्हा. मी झूमची रिंग फिरवली, चेहरा जवळ घ्यायला. पण या कंपनीची रिंग उलटी फिरते, मास्तर! माझा हात जुन्या सवयीने गेला आणि चेहरा जवळ यायच्या ऐवजी लांब पळाला. हात सुधारेपर्यंत हसू संपलं." तिने दोन्ही कॅमेरे गळ्यातून काढून पायरीवर ठेवले. "नऊ वर्षं मी हे काम करतेय. आता कॅमेरा चुकीचा आहे की मी, तेवढं सांगा. दोन दिवस उरलेत."

मास्तरांनी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. टरफलं गोळा केली. मग म्हणाले, "उद्या सकाळी आईला इथे घेऊन ये. दोन्ही कॅमेरे आण. वही घरी ठेव."

शनिवारी सकाळी आई आली ती इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून, एखाद्या परीक्षेला बसायला आल्यासारखी. "या, वहिनी," मास्तर म्हणाले. त्यांनी ती हात नसलेली खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवली. तिथे ऊन येत नसे, नुसता मऊ उजेड येई.

मास्तरांनी वैजयंतीला नवा कॅमेरा स्टँडवर लावायला सांगितला. "आवाज बंद कर. फ्रेम आत्ताच बांध, जरा मोकळी ठेव. त्या रिंगला परत हात लावायचा नाही. दिसलं? आता त्याच्याकडे बघू नकोस." मग त्यांनी जुना कॅमेरा मागून घेतला, त्याचं बाजूचं झाकण उघडलं, आतलं फोटो साठवणारं कार्ड बाहेर काढलं आणि शांतपणे आपल्या बंडीच्या खिशात टाकलं. झाकण लावून कॅमेरा त्यांनी तिच्या हातात परत दिला.

"हं, काढ आता."

वैजयंतीच्या मनात आलं, म्हातारपणी यांना काही सुचेनासं झालंय की काय? आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजली, "मास्तर, कार्ड..."

"माझ्या खिशात आहे. तू काढ."

"पण मग फोटो..."

"वैजू, मी तुला काय सांगितलं?"

तीन वर्षं ज्या आवाजाने तिला शिकवलं होतं, तोच हा आवाज होता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

मग मास्तर खुर्चीसमोर उभे राहिले आणि एकदम तीस-पस्तीस वर्षं मागे गेल्यासारखे बोलू लागले. "वहिनी, हनुवटी एक गहूभर खाली. डावा खांदा मागे. पदर राहू द्या, छान आहे. नजर इथे, माझ्या बोटावर. आता हलायचं नाही हं. श्वास रोखा. एक... दोन..."

आई लाकूड झाली. तिचे ओठ आत गेले, गळ्याची शीर ताठ झाली.

"तीन!"

खटाक.

"झालं!" मास्तर मोठ्यांदा म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. "संपलं. सुटलात. सुरेख आला. चहा टाकतो."

"बाई गं!" आईने श्वास सोडला. खांदे खाली आले. तिने पदराने ओठावरचा घाम टिपला आणि खुर्चीत मोकळी होऊन बसली. "मला मेलीला या डब्याची पहिल्यापासून धास्तीच. तुम्हाला आठवतं का हो, मास्तर, स्थळासाठी माझा फोटो तुम्हीच काढला होता?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहत मान डोलावली आणि पाठीमागे धरलेल्या हाताचं एक बोट नव्या कॅमेऱ्याकडे केलं.

वैजयंतीला ते बोट दिसलं आणि उमगलंही. तिने जुना कॅमेरा खाली घेतला आणि उजवं बोट नव्याच्या बटणावर ठेवलं.

"आमची मामी आली होती बरोबर," आई सांगत होती. "तिने वाटेतच दम भरलेला, दात दाखवायचे नाहीत. माझे समोरचे दोन पुढे आहेत ना! मी ओठ असे शिवून बसले, की शेवटी मामीच म्हणाली, अगं, श्वास तरी घे, नाहीतर स्थळ यायच्या आधीच आटपशील! आणि फोटो आला तो कसा? सगळी बत्तिशी बाहेर! मामीने कपाळाला हात लावला. दुसरा काढायला वेळ नव्हता, तोच गेला वैजूच्या बाबांकडे." ती हसली. हात वर गेला, डोळे बारीक झाले, चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा एकदम जाग्या झाल्या. "ते नंतर मला म्हणाले, बाकीच्या मुली फोटोत दाखवायला बसवल्यासारख्या दिसायच्या. तू तेवढी दारात उभी राहून गप्पा मारताना दिसलीस. पण मास्तर, देवाशपथ सांगते, मी हसलेच नव्हते! चौतीस वर्षं मला कोडं आहे. मी हसले कधी?"

"फोटो संपल्यावर," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्याकडे एक मोठा पेटीचा कॅमेरा होता, आठवतो? काळं कापड, पितळी भिंग, आणि खटका असा दांडगा की रस्त्यावर ऐकू जावा. त्यात काहीच नसायचं, वहिनी. तो रिकामा. त्याचा खटका वाजवायचा, 'झालं' म्हणायचं, आणि माणूस सैल पडला की पोटाशी धरलेल्या छोट्या कॅमेऱ्याने काढायचा. त्याचा आवाज होत नसे."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आणि माझ्या मामीने त्या पेटीला नमस्कार केला होता हो! केवढी लबाडी!"

"लबाडी तर खरीच."

"आणि आज?"

"आज तुमच्या लेकीने केली."

वैजयंतीचा चेहरा लाल झाला. बटणावरचं बोट तिने चटका बसल्यासारखं उचललं. "आई, मी... मास्तरांनी सांगितलं म्हणून..."

"दाखव त्यांना," मास्तर म्हणाले. "सगळे दाखव. त्या नको म्हणाल्या तर तिथल्या तिथे पुसून टाक. एवढं केलंस की त्यात लबाडी उरत नाही."

तिने कॅमेरा आईसमोर धरला. आईने चष्मा लावला. एकेक फोटो पुढे सरकत होता आणि एकावर तिने बोट ठेवलं. त्यात तिचं तोंड उघडं होतं, समोरचे दोन दात दिसत होते, हात हवेत होता आणि डोळ्यांत मामीची सगळी गंमत उतरली होती.

"अगं, यात मी बोलतेय."

"पुसू?"

आईचा हात नकळत डाव्या गालावर गेला. "नको," ती म्हणाली. "बोलतानाचीच राहू दे." मग चष्मा काढून ती उठली. "तुम्हाला काय चहा येणार, मास्तर! बसा. साखर कुठे आहे सांगा." आणि ती आत गेली.

खिडकीपाशी दोघंच उरली. मास्तरांनी खिशातलं कार्ड काढून वैजयंतीच्या तळहातावर ठेवलं.

"मला कळलं," ती म्हणाली, "आणि नाहीही कळलं."

मास्तर खुर्चीवर टेकले. "तुझ्या वहीत दोन रकाने आहेत ना? दोन्ही तुझ्याच बाजूचे. तुला किती जड, तुझ्या डोळ्याला काय दिसतं, तुझं बोट कुठे जातं. पण कॅमेऱ्याला पुढची बाजूही असते, वैजू. तिथे बसलेल्या माणसाला तुझ्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. त्याला एकच जाणून घ्यायचं असतं, संपलं की नाही? जोवर संपलं नाही, तोवर तो आपला चेहरा काठोकाठ भरलेल्या तांब्यासारखा सांभाळून धरतो. सांडू नये म्हणून श्वासही घेत नाही. संपलं म्हटलं की तांब्या खाली ठेवतो. आपल्याला तो खाली ठेवल्यानंतरचा माणूस हवा. तुझा जुना कॅमेरा 'संपलं' असं सांगतो, पण सांगताना स्वतःच डोळा मिटतो. नव्याचा डोळा सतत उघडा, पण तो बिचारा मुका. दोघांतही खोट नाही. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, एवढंच."

"आणि माझा हात उलटा गेला ते?"

"त्याची कसली काळजी करतेस? हाताला वळण लागतं तसं ते सुटतं. महिनाभर घरातली भांडीकुंडी काढत बस, येईल."

"मग कोणता घेऊ, मास्तर? उद्या त्याला सांगायचंय."

मास्तर हसले. "ते मला विचारू नकोस. मी रोलवर जगलेला माणूस. मी एवढंच म्हणेन की जो घेशील, त्याला जे येत नाही ते तुला करावं लागेल. जुना ठेवलास तर तो डोळा मिटतो तेवढ्या वेळापुरतं तुला मनाने पाहता आलं पाहिजे. नवा घेतलास तर त्याची वाचा तू व्हायचं. 'झालं' हा शब्द तुझ्या तोंडून यायला हवा, आणि तो असा की समोरच्याने विश्वास ठेवून हातपाय सैल सोडावेत. जमेल?"

आतून आईचा आवाज आला, "मास्तर, अहो, या डब्यात साखर आहे की मीठ?" आणि दोघंही उठली.

रविवारी तिने जुनी बॉडी आणि तिन्ही लेन्स दुकानाच्या काचेवर एकेक करून मांडल्या. नऊ वर्षांत पकडीवरचं रबर तिच्याच बोटांनी गुळगुळीत झालं होतं. एका कोपऱ्याला पोचा होता. तो कुठल्या लग्नात, कुठल्या करवलीच्या धक्क्याने पडला, हेही तिला सांगता आलं असतं. दुकानदाराने तिला ते विचारलं नाही. त्याने चाचणीसाठी कॅमेरा भिंतीकडे धरून बटण दाबलं. खटाक. तो आवाज काचांच्या कपाटांतून फिरला आणि थांबला. वैजयंतीने तो पुरता ऐकून घेतला. मग नवा कॅमेरा पिशवीत ठेवून ती त्याच रस्त्यावरच्या छापखान्यात गेली आणि आईचा तो एक फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठव्या दिवशी पट्टी उतरली तेव्हा डावा गाल डॉक्टरांनी सांगितला होता तसा आत गेलेला होता. आई बराच काळ आरशात पाहत राहिली आणि मग तिने आरसा पालथा ठेवला. बोलता येत नव्हतं. उशीशेजारी एक पाटी-पेन्सिल होती. तिच्यावर ती 'पाणी', 'पंखा', 'नको' असे एकेका शब्दाचे हुकूम लिही. वॉर्डातल्या सिस्टर चांगल्या होत्या, पण कामाच्या गर्दीत त्या आईऐवजी वैजयंतीलाच विचारत, "पेशंटने दूध घेतलं का? पेशंटला झोप लागली का?" आपली आई डोळ्यांदेखत एक खाट होत चालली आहे, असं वैजयंतीला वाटू लागलं.

त्या संध्याकाळी तिने तो फोटो आणला आणि खाटेजवळच्या छोट्या कपाटावर उभा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तदाब पाहायला आलेल्या सिस्टर पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबल्या. त्यांनी फोटो पाहिला, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. त्या हसल्या आणि या वेळी वैजयंतीकडे वळल्या नाहीत. सरळ आईलाच म्हणाल्या, "मावशी, काय सांगत होतात हो इथे, एवढं हात वर करून?"

आणि त्या उत्तरासाठी थांबल्या.

आईने पाटी ओढून घेतली. हात अशक्त होता, अक्षरं वाकडी येत होती, वेळ लागत होता. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. वैजयंतीचा हात पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. तिने तो काढला नाही. आईने पाटी फिरवून दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं: मोठी गोष्ट आहे. स्टूल घेऊन बसा.